तिसरा पाट

"लाकूड म्हणायचं का तेलाचा घाणा?" धम्मपाल हातातल्या रंध्याकडे बघून पुटपुटला. "पात्याला धार करा, चार वेळा ओढा, की बसलाच चिकटा. झाडं बनवणाऱ्यानं एकदा तरी सुताराला विचारायला पायजे होतं."

ललिता हातभर अंतरावर एका कपाटाच्या दाराला पॉलिश पेपर मारत बसली होती. तिनं ऐकावं म्हणूनच तो एवढ्या हळू बोलत होता. धाकट्या भावांची ही जुनीच रीत.

"शिसव दिलं तर कडक हाय म्हणतोस," ती मान वर न करता म्हणाली. "साग दिला तर पात्याची धार जाते म्हणतोस. तुझ्या मनासारखं लाकूड फक्त चुलीत असतं रे."

"हे चुलीत पण नाय चालायचं. हात बघ माझे."

त्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं होतं. त्या लाकडाचा भुसाही साधा नव्हता. भाजक्या विटेसारखा नारिंगी, आणि वास मसाल्याचा डबा उघडल्यासारखा, गोड आणि तिखट. फळी रंधून जिथे उघडी पडली होती तिथे तांबड्या अंगावर काळ्या नागमोडी रेघा दिसत होत्या. ललितानं आजवर पाहिलेल्या लाकडात इतकं देखणं आणि इतकं आडमुठं दुसरं नव्हतं. माणसांत होती एकदोन, पण ती गोष्ट वेगळी.

पोलादपुरात महामार्गाला सोडून महाबळेश्वरचा रस्ता निघतो, तिथून हाकेच्या अंतरावर, टायरवाल्याच्या मागे या बहीणभावांची शेड होती. पुढे धम्मपालचं सुतारकाम, मागे ललिताचं पॉलिश. मधे एक जुनी चादर टांगलेली, भुसा ओल्या पॉलिशवर बसू नये म्हणून. मागच्या खिडकीतून सावित्री दिसायची. म्हणजे पावसाळ्यात दिसायची. मार्गशीर्षात नुसते धोंडे दिसतात आणि त्यांच्यामधून नदी चुकल्यासारखी वाट काढत जाते.

पॉलिश ललिताला कुणी शिकवलेलं नव्हतं. नवरा गेल्यावर ती मुंबईहून आलेल्या कारागिरांच्या मागे उभं राहून, नंतर फोनवर व्हिडिओ बघून आणि मुख्य म्हणजे लोकांची टेबलं बिघडवून ते शिकली होती. बिघडवलेल्यांपैकी एक टेबल सरोजबाईंचंही होतं. बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "पाढा चुकला म्हणून कुणी शाळा सोडत नाही, ललिते." शाळेत बाईंनी तिला गणित शिकवलं होतं. तेही तिला धड आलं नव्हतं, पण बाईंनी तिला कधी बाकावर उभं केलं नव्हतं. एवढं पुरेसं असतं माणसाला आयुष्यभर.

ही फळी बाईंचीच.

बाईंचा मुलगा अनिश मालवाहू बोटीवर होता. कोरोना संपता संपता तो चढला. कुठल्याशा लांबच्या बंदरातून, ज्याचं नाव बाईंना कधीच नीट उच्चारता आलं नाही, त्यानं व्हिडिओ कॉल करून ही फळी दाखवली होती. "ताईच्या लग्नाचे पाट याचे करायचे," असं म्हणाला होता. त्यानंतर बोट मुंबईला लागली, फळी आली, अनिश आला नाही. त्याच्याबरोबरचा हृतिक नावाचा मुलगा फळी घेऊन वीर स्टेशनवर उतरला. बाईंचे यजमान शरच्चंद्र, सगळे त्यांना काका म्हणत, त्याला भेटायला गेले. दोघं फलाटावरच्या बाकावर बराच वेळ बसले होते, असं रिक्षावाल्यानं नंतर सांगितलं. मग काका फळी मांडीवर आडवी धरून रिक्षानं महाडला परत आले. काय बोलणं झालं ते त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कंपनीच्या लेखी अनिश बेपत्ता होता. महाडात लोक विचारायचे, "काही कळलं का?" काका म्हणायचे, "अजून नाही." मग दोघंही हवेबद्दल बोलायचे.

त्यानंतर बाईंची मुलगी देवश्री, हिची दोन स्थळं मोडली. मोडली म्हणजे बाई म्हणाल्या, अनिश येऊ दे, मग बघू. मांडवात नवरीच्या ओंजळीत लाह्या भाऊ घालतो. चुलतभाऊ श्रेयस तयार होता, पण बाई म्हणाल्या, सख्खा असताना चुलत कशाला? माणसं थांबून थांबून निघून गेली. आता तिसरं स्थळ, मुलगा चिपळूणचा. बाई या वेळी हो म्हणाल्या, पण पाट त्या फळीचेच हवेत म्हणून बसल्या.

फळी घेऊन त्या स्वतः आल्या होत्या. "तीन कर ललिते," म्हणाल्या. "दोन नवरानवरीचे. आणि एक."

"आणि एक" म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि चपला घातल्या. ललितानं विचारलं नाही.

धम्मपालनं विचारलं, पण नंतर. "तिसरा कुणाला गो ताय?"

"उरलेलं लाकूड वाया कशाला घालवायचं?"

"उरलंच नाय. दोन ऐसपैस बसत होते यात. तिसऱ्यापायी दोघं आखूड केले."

ललितानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा रंध्याशी बोलायला लागला.

पाट कापून झाले त्या दिवशी देवश्री बघायला आली. तिशीतली मुलगी, कॉलेजात लायब्ररी सांभाळते, बोलणं मोजकं. धम्मपालनं एक उरलेला तुकडा हातात खेळवत म्हटलं, "नाव काय म्हणालात याचं? कोकोबाभूळ?"

"कोकोबोलो," ती हसली. "मी फोनवर शोधलं."

"बाभळीपेक्षा भारी हाय. बघा," म्हणून त्यानं तुकडा धार लावायचा दगड भिजत ठेवलेल्या बादलीत टाकला. तुकडा एकदाही वर आला नाही. सरळ तळाला जाऊन बसला.

"लाकूड बुडतं?" देवश्रीनं विचारलं.

शेवटी धम्मपालनं बाही सरसावून तुकडा बाहेर काढला आणि उगाचच पुसून ठेवला.

जाताना देवश्री ललिताला बाहेर घेऊन गेली. "तीनही पाट एकदम हवेत, ललिताताई. एक जरी राहिला तरी आई म्हणेल थांबा. मला तिचा सूर कळतो. आणि या वेळी थांबले ना, तर मी परत कुणासमोर उभी राहणार नाही. माझं वय झालं म्हणून नाही. मला कंटाळा आलाय, वाट बघणाऱ्या घराचा."

"होतील गो," ललिता म्हणाली. "लाकूडच आहे शेवटी."

पहिली चूक तिची होती, ते तिनं कबूल केलं असतं. नेहमीसारखं वॉर्निश लावलं. तेलकट परदेशी लाकडावर वॉर्निश वाळत नाही. आतलं तेल वर येतं, त्यात मिसळतं आणि तो थर गुळाच्या पाकासारखा चिकट राहतो. आठवडा गेला तरी बोट लावलं की बोट सुटायचं नाही. मग तिनं व्हिडिओ पालथे घातले, स्वतःला चार शिव्या घातल्या, काचेच्या तुकड्यानं तीनही पाट खरवडून उघडे केले आणि नव्यानं सुरुवात केली. थिनरच्या फडक्यानं पुसायचं. फडकं नारिंगी होतं, ते फेकायचं, दुसरं घ्यायचं. फडकं स्वच्छ निघालं की दम न घेता चपडीचा पातळ थर द्यायचा, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, कापसाच्या बोळ्यानं. मधे चहा प्यायला गेलात की तेल परत वर.

ती चहा प्यायली नाही. दोन पाट संध्याकाळपर्यंत कोरडे झाले. वर थर चढत गेले तसे ते आतून दिवा लावल्यासारखे दिसायला लागले. धम्मपालसुद्धा म्हणाला, "बरे झाले." त्याच्या तोंडी ही पदवीच.

तिसरा वाळला नाही.

ललिताला आधी त्यात काही विशेष वाटलं नाही. फळीच्या गाभ्याकडचा भाग त्याच्या वाट्याला आला असेल, तिथे तेल जास्त. तिनं तो परत उघडा केला, परत पुसला, परत लावला. सकाळी हात लावला तर चिकट. तिनं तो बाकीच्या दोघांच्या जागी ठेवून पाहिला, त्यांना त्याच्या जागी. अंगणात ऊन दाखवलं. तीच चपडी तिनं त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर लावली. तुकडा तासाभरात खडखडीत. चपडीत दोष नव्हता, लाकडात नव्हता, हवेत तर नव्हताच. त्या आठवड्यात हवा इतकी कोरडी होती की ललिताचे ओठ फुटले होते.

मग थराला पांढरं यायला लागलं. दमट हवेत चपडीला असं येतं, आरशावर श्वास सोडावा तसं. पण ते पावसाळ्यात. तिनं पेपरची घडी उलगडायला बोट जिभेला लावलं, आणि तशीच थांबली. त्याच बोटानं तिनं मघाशी पाटावरचं पांढरं पुसलं होतं.

ते खारट होतं.

घाम असेल, ती स्वतःशी म्हणाली. हाताला घाम येतो.

हात थंड आणि कोरडे होते.

ललिता भुताखेतांना मानणारी नव्हती. तिच्या आजोबांनी छप्पन साली देव्हाऱ्यातले टाक सावित्रीत सोडले होते, आणि घरची समजूत अशी की त्यांच्याबरोबर भुतंही वाहून गेली. लहानपणी अंधारात जायला घाबरली की आजी म्हणायची, "आपल्यात नसतं ते. जा, मूतून ये." त्यामुळे तिनं कारणं शोधली. थिनर भेसळीचा असेल. स्पिरिटमध्ये पाणी असेल. दोन्ही नवीन आणले. या वेळी थिनरचं फडकं नारिंगी झालंच नाही. ते ओलं झालं, नुसतं ओलं. पिळलं तर पाणी निघालं.

"ताय," धम्मपाल एका सकाळी म्हणाला, "तो पाट मी उचलून ठेवला काल."

"मग?"

"कापला तेव्हा एका हातानं उचलत होतो."

तिनं उचलून पाहिला. मग दोन्ही हातांनी खाली ठेवला. लाकडाचा मसाल्याचा वास गेला होता. त्याजागी ओल्या दोरखंडासारखा आणि जुन्या डिझेलसारखा वास येत होता. महामार्ग जवळ होता, डिझेलचं नवल नव्हतं. दोरखंड शेडमध्ये नव्हता.

धम्मपालनं त्या दिवसापासून कुरकुर करणं सोडलं. याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

ठसा दिसला तो मंगळवारी, शेड उघडल्या उघडल्या. चिकट थरात कुणीतरी बसून गेल्यासारखं दबलं होतं. एका बाजूला मांडीचा रुंद, गुळगुळीत दाब. दुसऱ्या बाजूला पाटाच्या काठाशी पाय. अख्खा डावा तळवा, बोटांसकट. एक पाय मुडपून आणि दुसरा गुडघा उभा करून बसावं तसा.

"डबा खायला पाटावर बसलास?" तिनं विचारलं.

"मी? त्यावर?" धम्मपालनं आपला पाय पुढे केला. रुंद, भेगाळलेला, अंगठ्याचं नख गेलेलं. विचारायची गरजच नव्हती. ठसा सडपातळ, तरुण पायाचा होता. ललिता वाकली. तळव्यावरची कातडी नीट उमटली होती, आणि ती सुरकुतलेली होती. दिवसभर धुणं धुतल्यावर बोटांच्या टोकांवर पडतात तशा सुरकुत्या.

तिनं काच घेतली आणि खरवडून टाकलं. भराभर, कुणी येण्याआधी.

दुसऱ्या दिवशी ठसा परत होता, त्याच जागी, तसाच. आणि ती काच शोधत असतानाच देवश्री चादर बाजूला करून आत आली.

तिनं पाट पाहिला. मग एक हात भिंतीला टेकवला.

"तो असाच बसायचा," ती म्हणाली. "आई रोज ओरडायची, पानावर असं बसतात का..." पुढचं तिनं गिळलं. पर्स उघडली, बंद केली. "ऊन कमी पडतंय का त्याला? ऊन दाखवा अजून."

"दाखवते," ललिता म्हणाली.

"लग्न रविवारी आहे."

"होय गो."

दोघी एकमेकींकडे न बघता हे बोलल्या. ललिताला वाटलं, हिच्या खांद्यावर हात ठेवावा आणि एकदाचं बोलावं. आपल्यात किती सोपं असतं. माणूस गेला की सगळे एकत्र बसतात, त्याच्या नावाआधी कालकथित लागतं, ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं जातं, रडणं होतं, जेवण होतं. माणूस कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. अनिशच्या नावाआधी कुणी काहीच लावलं नव्हतं. ते नाव नुसतं उघडं पडलं होतं, पॉलिश न केलेल्या लाकडासारखं.

पण बोलली नाही. तिच्या तोंडून बाईंच्या घरात ते जावं, एवढा अधिकार तिला वाटला नाही.

गुरुवारी काका आले, एसटीनं, एकटे. खुर्चीवर न बसता स्टुलावर बसले. ललितानं चहा ठेवला. चादरीपलीकडे काय आहे ते त्यांना माहीत असावं. देवश्रीनं सांगितलं असेल किंवा नसेल.

"तू दोनच पाट दे, ललिता."

"आणि बाई?"

"मी सांगेन तिला."

"काय सांगाल, काका?"

काका कपात बघत राहिले. चहावर साय धरली. "हृतिकनं मला वीरला बाकावर बसवलं," ते म्हणाले. "तो त्याच्या शेजारीच उभा होता. डेकवर. तो म्हणाला की..." त्यांनी ओठ पुसले, अजून चहा प्यायलेला नसताना. बाहेर टायरवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला, थांबला.

धम्मपालनं हातातली पटाशी खाली ठेवली.

"पाऊण तास लेट होती त्या दिवशी गाडी," काका म्हणाले. चहा एका घोटात संपवला आणि उठले. "आलं छान घातलंस."

चादरीपलीकडून तेवढ्यात आवाज आला. मोठा नाही. ओल्या कपड्यातून थेंब फरशीवर पडावा, तसा एक. काकांनी तो ऐकला. त्यांनी टोपी नीट केली आणि ते स्टॉपकडे निघून गेले, मान ताठ ठेवून, मागून कुणी हाक मारेल अशा बेतानं चालत.

शुक्रवारी दुपारी बाई स्वतः आल्या. देवश्री मागे होती. तिनं ललिताकडे पाहून मान हलवली, थांबवता आलं नाही अशी.

बाई आता वाळल्या होत्या, पण काठपदराची इस्त्री शाळेत होती तशीच. दोन पाट त्यांनी खिडकीशी नेऊन उजेडात तिरपे धरून पाहिले. बोट फिरवलं. "उत्तम," म्हणाल्या. "चेहरा दिसतो. आणि तो?"

"तो अजून ओला आहे, बाई."

"दाखव."

"हाताला लागेल. साडीला लागेल."

"ललिते."

या सुरापुढे ललिताचं कधीच काही चाललं नव्हतं. तिनं चादर बाजूला केली.

पाट कोपऱ्यात जमिनीवर होता. सकाळीच तिनं तो खरवडून नवा थर दिला होता, त्यामुळे वर काही नव्हतं. नुसती ओली, तांबडी चमक. खाली फरशीवर पाण्याचा एक ओघळ भिंतीपर्यंत गेला होता.

बाई त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. वाढायला बसतात तशा, पाटावरच्या माणसाचं पान हाताच्या टप्प्यात येईल इतक्या अंतरावर.

"का वाळत नाही? कारण सांग."

शाळेत असंच विचारायच्या. उत्तर चुकलं तरी चालेल, पण कारण सांग. आणि ललिता, पन्नाशीची बाई, हात पदराला पुसत सांगायला लागली. "आतलं वर येतं, बाई. झाड कधीच तोडलेलं असतं. फळी होते, समुद्र ओलांडून येते, कापून पाटसुद्धा होतो. पण आत त्याचं चालूच असतं. तोडलंय हे लाकडाला लवकर कळत नाही."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

बाई रागावल्या नाहीत. पाटाकडे बघत राहिल्या. "कळत नाही," म्हणाल्या. "हो. कळणार कसं?"

धम्मपाल चादरीशी येऊन उभा होता. देवश्री भिंतीला टेकली होती. महामार्गावरून एक ट्रेलर गेला, त्याचा आवाज घाटाकडे विरत गेला आणि मग दुसरी गाडी आली नाही.

दोरखंडाचा वास आला.

ललिता पाटाकडेच बघत होती, म्हणून तिला दिसलं. ओल्या थरात एक काठ खाली दबला. मग त्याच्या बाजूला पाच बोटं उमटली, एकामागून एक, आणि मग टाच.

कुणी पाय ठेवला नव्हता.

देवश्रीनं ओढणीचा बोळा तोंडात धरला.

बाई बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. रोज संध्याकाळी दार उघडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं, ते होतं.

"नीट मांडी घाल," त्या म्हणाल्या. रोजच्यासारखं, जरा वैतागून.

काही झालं नाही. मग तळव्याचा ठसा फिकट होत गेला, ओलं पाऊल तापल्या कातळावरून उडून जावं तसा, आणि त्याच्याजागी मुडपलेल्या पायाचा आडवा दाब हळूहळू उमटला. मुकाट्यानं.

बाईंनी डोळे मिटले. उघडले.

"आता ऐक. रविवारी ताईचं लग्न आहे. लाह्या श्रेयस घालेल. मी त्याला आजच फोन करते." आवाज चिरला, तो त्यांनी खाकरून सरळ केला. "तू थांबू नकोस."

त्यांनी हात पुढे केला. पाटावर नाही, पाटाच्या वर, बसलेल्या माणसाचं डोकं जिथे येईल तिथे. हात हवेतच थांबला, कशावर तरी टेकल्यासारखा. त्यांच्या बोटांमधून पाणी निथळायला लागलं, मनगटावरून बांगड्यांवर, कोपरावरून खाली.

"बाळा, तू बुडालास," बाई म्हणाल्या. "तुला आम्ही कुणी सांगितलंच नाही रे."